खोगीर न चढलेला तरणा घोडा शिकवायला घेताना

रानवाट
तीन वर्षांचा नर घोडा शिकवायला घ्यायचा विचार आहे. खच्ची केलेला नाही. मोहरकी (तोंडावर चढवायची दोरीची बांधणी) घालू देतो, दोरीवर चालतो, पण मागचे पाय उचलू देत नाही. पाठीवर अजून काहीच चढलेलं नाही. शिकवलेल्या घोड्यांवर मांड पक्की आहे, कोऱ्या घोड्याचा अनुभव नाही. घेण्याआधी काय तपासावं? पाठीवर कधी बसावं? आणि पहिले काही आठवडे रोज नेमकं काय करावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, म्हणजे इतरांनाही धागा उपयोगी पडेल.

खरारा
आधी वय पक्कं करा. विकणारा सांगतो ते आणि दात सांगतात ते जुळलं पाहिजे. अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. म्हणजे तीन वर्षांच्या घोड्याला वर दोन आणि खाली दोन असे मोठे, पिवळसर, उभट दात दिसायला हवेत, बाकीचे दुधाचे लहान आणि पांढरे. चारही मधले अजून दुधाचेच असतील तर घोडा तीनचा नाही, मग बाकी घाई बाजूला ठेवा.

वयाला इतकं महत्त्व का, तर हाडांची टोकं वेगवेगळ्या वयात भरतात. टापेच्या जवळची लवकर, पुढच्या गुडघ्याच्या वरची साधारण दोन ते अडीच वर्षांत, आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षांनंतर. तिसऱ्या वर्षी पाय बरेच तयार असतात, पाठ नसते. म्हणून या वयात हलक्या माणसाने दहा-पंधरा मिनिटं बसायला हरकत नाही, तासभराची रपेट मात्र नको. घोडा तबेल्यात कोंडून ठेवणं हाही उपाय नव्हे. मोकळं फिरणं आणि सरळ रेषेत थोडं थोडं चालणं-दुडकणं यानेच हाडं घट्ट होतात.

आता अंगाची तपासणी. कडक, सपाट जमिनीवर दोरीने सरळ चालवा, मग दुडकी. समोरून, मागून, बाजूने पाहा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. हे दुडकीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं चालीत दिसत नाही. पाठीवरून दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या, कुठे अंग चोरतो ते पाहा. नर आहे, तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत ना हे पशुवैद्याकडून तपासूनच व्यवहार करा. एक पोटात राहिला असेल तर खच्चीकरण साधं राहत नाही, मोठी शस्त्रक्रिया होते.

माझ्या मते खच्चीकरण आधी, शिक्षण नंतर. जखम भरायला आणि सूज उतरायला काही आठवडे द्या. त्या काळात पशुवैद्य सांगेल तितकं रोज चालवावं लागतं, नाहीतर सूज साचून राहते. खच्ची केल्यावर घोडा लगेच थंड होत नाही. पुढचे निदान सहा आठवडे त्याला घोडींपासून लांब ठेवा, कारण तो तोवर घोडी गाभण करू शकतो. धनुर्वाताची लस शस्त्रक्रियेच्या आधी झालेली हवी.

चौखूर
खरारा यांनी अंग सांगितलं, मी स्वभाव सांगतो. घोडा बुजतो का हे पाहू नका, सगळेच बुजतात. बुजल्यावर किती वेळात परत खाली येतो ते पाहा. त्याला सोबत्यांपासून पन्नास पावलं लांब न्या, थोडा वेळ उभा करा, जवळ एखादं पोतं जमिनीवर टाका. मान वर, नाकपुड्या फुगल्या, श्वास रोखला, इथपर्यंत ठीक. मिनिट-दोन मिनिटांत मान उतरली, फुरफुरला, पोत्याकडे कान करून एक पाऊल टाकलं, तर हा घोडा शिकेल. दहा मिनिटांनीही घामाघूम होऊन गोल फिरत असेल, किंवा कान मागे दाबून माणसाच्या अंगावर येत असेल, तर पहिला प्रकल्प म्हणून हा घोडा घेऊ नका. घोडा वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पण नवख्या घोड्याला जुना माणूस लागतो, आणि इथे माणूसही या कामात नवा आहे.

स्वतःकडे काय हवं तेही मोजा: आठवड्यातून पाच दिवस अर्धा-पाऊण तास, कुंपण घातलेली न घसरणारी जागा, आणि पाठीवर बसण्याच्या दिवसांसाठी घोड्याचं डोकं धरायला दुसरा जाणता माणूस. यातलं तिसरं नसेल तर जमिनीवरचं शिक्षण तुम्ही करा आणि पाठीवर बसवण्याचं काम अनुभवी चाबुकस्वाराकडे द्या.

रानवाट
धन्यवाद. माणूस आणि जागा दोन्ही आहे. जमिनीवरचं शिक्षण म्हणजे नेमकं कुठून सुरू करायचं?

चौखूर
दाबापासून, आणि दाब सोडण्यापासून. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. बाकी सगळं याच्यावर उभं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मोहरकीखाली दोर साडेतीन-चार मीटरचा घ्या. हाताला गुंडाळू नका, घड्या करून मुठीत धरा. हातमोजे घाला. घोड्याच्या खांद्याजवळ उभे राहा आणि दोर खाली-मागे इतकाच ताणा, की ओली फडकी वाळत घातलेली दोरी जितकी ताणते तितका. बस, तिथेच थांबा. ताण वाढवू नका, कमी करू नका. घोडा आधी मान वर करेल, मग बाजूला करेल, कदाचित पुढे येईल. हात त्याच्याबरोबर जाऊ दे, ताण तोच. कधीतरी वजन किंचित मागे जाईल, पाऊल अजून उचललेलं नसेल, छातीचा स्नायू फक्त मागे सरकल्यासारखा दिसेल. त्याच क्षणी दोर पूर्ण ढिला. एका सेकंदाच्या आत. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर घोडा काहीतरी वेगळं करत असतो, आणि बक्षीस त्या वेगळ्याला मिळतं. दहा सेकंद काहीच करू नका. तो ओठ चाटेल, डोळे मिचकावेल. मग पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाऊल मागे येतं.

याच पद्धतीने पाच गोष्टी बसवायच्या: मागे सरकणं, दोराच्या ताणाला पुढे येणं, मान खाली करणं, पुठ्ठे बाजूला सरकवणं, खांदा बाजूला सरकवणं. सगळं डाव्या बाजूने झालं की उजव्या बाजूने पहिल्यापासून. एका बाजूला शिकलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप येतं असं धरू नका. घोड्याचा डावा डोळा आणि उजवा डोळा वेगवेगळं जग पाहतात. चहूबाजूंचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं, फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही, म्हणून तिथून अचानक कधीच जायचं नाही.

पुठ्ठे सरकवणं सगळ्यात महत्त्वाचं. मागचा एक पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा गेला की घोड्याचा जोर तुटतो. पुढे पाठीवर बसल्यावर हीच तुमची अडवायची सोय.

आणि हे जमेपर्यंत घोडा बांधू नका. ताणाला पुढे यायचं माहीत नसलेला घोडा बांधला की मागे जोर लावतो. दोर तुटला तर सुटण्याची युक्ती शिकतो, नाही तुटला तर मान दुखावतो किंवा उलटा पडतो. बांधायचं तेव्हा पाठीच्या उंचीला, भक्कम खुंटाला, एका ओढीत सुटणारी गाठ मारून.

दुडकीचाल
गोल रिंगणात मोकळा सोडून दमवायचा आणि मग तो स्वतःच जवळ येतो, ही पद्धत हल्ली फार दिसते. त्याबद्दल काय मत?

चौखूर
जाणकार हातात ती चालते, कारण तो माणूस पाठलाग करत नसतो, प्रत्येक कानाच्या हालचालीला दाब कमी करत असतो. नवख्याच्या हातात तो नुसता पाठलाग होतो. दमलेला घोडा थांबतो तेव्हा समजूत पटून थांबतो की फुफ्फुसं भरली म्हणून, हे ओळखता येत नसेल तर दोरावरच काम करा. शिवाय रोज पळवलेला घोडा दमायचं तेवढं शिकत नाही, त्याचा दम वाढतो. तीन आठवड्यांनी त्याच घोड्याला दमवायला दुप्पट वेळ लागेल.

टापटीप
मागचे पाय न उचलणं यावर लिहितो, कारण नाल-खूर बघायला येणाऱ्या माणसाच्या माथी हे काम मारणं चूक आहे. हे मालकाने आधी करायचं असतं.

घोड्याला पाय देणं म्हणजे पळायचं साधन देणं. त्यात मागचा पाय उचलताना तोल पुढे जातो, तोल गेला की तो पाय हिसकावतो, आणि आपण त्याला लाथ समजतो. म्हणून आधी चौकोनी उभा करा, चारी पायांवर सारखं वजन.

पहिले दिवस हात वापरू नका. मीटरभराच्या काठीला टोकाशी जुना मऊ हातमोजा बांधा. खांद्याला लागून, तोंड शेपटीकडे करून उभे राहा, म्हणजे लाथेच्या पट्ट्याबाहेर राहता. काठीचा मोजा पाठीवरून पुठ्ठ्यावर, तिथून मांडीवर, खाली ढोपरापर्यंत सरकवा. जिथे पाय झाडेल तिथे मोजा तिथेच टेकवून ठेवा. झाडत असताना काढलात तर झाडलं की मोजा जातो हे तो शिकेल. पाय स्थिर झाला की लगेच काढा. दोन-चार दिवसांत टापेपर्यंत पोचाल. मग हात.

हाताने करताना एक हात पुठ्ठ्यावर राहू दे, त्यावरून वजन कुठे जातंय ते कळतं. दुसरा हात मागच्या शिरेवरून खाली आणा, टापेच्या वरच्या सांध्यापाशी हलके दाबा. टाच जमिनीवरून सुटली, टोक टेकलेलंच आहे, एवढ्यावर समाधान माना आणि सोडा. दुसऱ्या दिवशी इंचभर वर, दोन सेकंद. पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका, त्याने कमरेचा सांधा पिळतो. पोटाखाली, मग सरळ मागे. खाली ठेवताना टाकून देऊ नका, जमिनीवर नेऊन ठेवा. पाच दिवसांत वीस सेकंद पाय धरू देऊ लागला, की खुरातली घाण काढण्याच्या आकडीने टापेवर हलकं ठोकून पाहा, पुढे ठोकाठोकीला बुजत नाही.

नाल घाई करून मारू नका. मऊ जमिनीवरच्या हलक्या कामाला खूर नुसते छाटून चालतात, दर सहा ते आठ आठवड्यांनी.

रानवाट
खूप उपयोगी. दोन शंका. बक्षीस म्हणून हातातून खाऊ द्यावा का? आणि लांब दोरावर गोल फिरवणं किती वेळ?

दुडकीचाल
खाऊ द्यायला माझा विरोध नाही, पण नर आणि तरणा आहे, चावण्याचं वय आहे. द्यायचाच तर घोड्याचं तोंड समोर किंवा पलीकडे असताना द्या, खिसा हुंगत असताना कधीच नाही. ज्याला ही शिस्त पाळता येत नाही त्याने तोबऱ्यात किंवा टोपलीत ठेवावा. आयाळीच्या मुळाशी खाजवणं हे बक्षीस घोड्यांना खरंच आवडतं, ते एकमेकांना तिथेच खाजवतात.

काव्यावर, म्हणजे लांब दोरावर गोल, फिरवणं: दहा मिनिटं, दोन्ही बाजू मिळून, आठवड्यातून दोनदा, तिनदा. जास्त नाही. लहान वर्तुळात आतल्या पायांवर तिरका भार येतो आणि कोवळे सांधे त्याने बिघडतात. दोर आठ मीटरचा असेल तर स्वतःही छोटं वर्तुळ चालत राहा, म्हणजे घोड्याचं वर्तुळ वीस मीटरपर्यंत मोठं होतं. गोल फिरवण्याचा उद्देश व्यायाम हा नाही. ‘चल’, ‘दुडकी’, ‘हो’ हे आवाजाचे हुकूम पक्के करणं हा आहे. पाठीवर बसाल तेव्हा घोड्याला ओळखीचं असं एवढंच तुमच्याजवळ असेल.

मला विचाराल तर काव्यापेक्षा दोन दोरांनी मागून हाकणं कितीतरी मोलाचं. सात-आठ मीटरचे दोन दोर, पोटाभोवतीच्या पट्ट्याच्या कड्यांतून किंवा पोटाखालून बांधलेल्या रिकिबींतून मागे आणलेले. बरोबर मागे चालू नका, तिथे तुम्ही दिसत नाही. थोडं एका बाजूला, पुठ्ठ्यांपासून निदान तीन मीटर लांब. आधी मोहरकीवर, मग लगामावर. यात घोडा माणूस शेजारी नसताना पुढे जायला शिकतो, वळायला, थांबायला शिकतो. दोर मागच्या पायांना लागणं आधीच सवयीचं करून घ्या, नाहीतर पहिल्याच वळणावर उधळतो. दोन आठवडे असं चालवलेला घोडा पाठीवर माणूस आल्यावर निम्मा शिकलेला असतो.

खरारा
लगाम घालण्याआधी तोंड तपासून घ्या. पहिल्या दाढेच्या लगत पुढे कधी कधी खुंटासारखा छोटा दात असतो, वरच्या जबड्यात बहुधा. कडियाळ, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा भाग, त्याच्यावर आपटलं की घोडा मान झटकतो आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. तो काढायचा तर लगामाआधी काढा आणि जखम भरू द्या. शिवाय अडीच ते चार या वयात दाढांवरच्या दुधाच्या टोप्याही सुटत असतात. काल लगाम घेतला, आज घेत नाही, असं झालं तर आधी तोंडात पाहा.

कडियाळ मऊ, गुळगुळीत. बाजूला अर्धा-अर्धा सेंटीमीटर जागा, ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती. नाकपट्ट्याखाली दोन बोटं जायलाच हवीत, ती नाकाच्या हाडावर मोजा, गालावर नाही.

चौखूर
खोगीर. आधी जाड कापड पाठीवर ठेवणं-काढणं, दोन्ही बाजूंनी, तो कान हलवायचा बंद होईपर्यंत. मग दोराचा फास पोटाभोवती घेऊन हलके आवळायचा आणि सोडायचा. मग नुसता पट्टा. मग रिकिबी काढलेलं हलकं खोगीर.

सगळ्यात जास्त अपघात तंगाने, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याने होतात, आणि ते तंग घट्ट झाल्यामुळे कमी, ढिला राहिल्यामुळे जास्त होतात. बिचकेल म्हणून लोक तंग सैल ठेवतात, घोडा उडी मारतो, खोगीर पोटाखाली फिरतं आणि मागच्या पायांत लटकतं. त्यानंतर तो घोडा वर्षभर खोगिराला घाबरतो. म्हणून टप्पे करा, पण फिरणार नाही इतका तंग पुढे चालवण्यापूर्वी आवळलेला हवा. एक भोक, पुठ्ठे एक पाऊल बाजूला, पुढचं भोक, पुन्हा पाऊल. सरळ पुढे नेऊ नका. पहिल्या पावलाला छाती फुगते, तंग अचानक लागतो, आणि सरळ उभ्या घोड्याला उसळायला सगळा जोर मिळतो. बाजूच्या पावलात तो जोर नसतो. उसळलाच तर दोर लांब सोडा, डोकं आपल्याकडे ठेवा, थांबवायची घाई करू नका, ‘चल’ म्हणत पुढे जाऊ द्या.

तंग आवळताना रोज चावायला येत असेल तर शिस्त नंतर, पोट आधी.

खरारा
त्याच मुद्द्याला धरून. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, खाल्लं असो वा नसो. चार-सहा तास चारा नसला की जठराला व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि तंगाजवळचा चिडखोरपणा हे त्याचं एक लक्षण. कामाच्या अर्धा तास आधी थोडा चारा द्या, त्याने आम्ल वर उसळत नाही.

वजन काढायचं असेल तर: छातीचा घेर × घेर × अंगाची लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३६५ किलो. त्याला कोरडा चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेपाच ते सात किलोच्या आसपास. दाणा कमी. हलक्या कामाच्या घोड्याला दाणा वाढवला की तोच जोर तुमच्या अंगावर निघतो. नुसत्या कोंड्यावर भर देऊ नका, त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी, वाढत्या हाडांना ते उलटं पडतं.

आणि याच वजनावरून बसणारा ठरवा. तरण्या घोड्याला माणूस अधिक खोगीर मिळून पंधरा टक्क्यांच्या आत, या घोड्याला ५५ किलोच्या आसपास. सगळ्यांना ते जमत नाही, मग हलका स्वार शोधा.

रानवाट
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता प्रत्यक्ष बसण्याबद्दल.

दुडकीचाल
त्या दिवशी नवीन काही नको. वारा सुटलेला नको, बघे नकोत, सोबतीचा शांत घोडा नजरेच्या टप्प्यात असू दे. स्वाराला हेल्मेट, मानेभोवती घोड्याला एक पट्टा, तोल गेला तर लगामाऐवजी तो धरायला. डोकं धरणारा आणि स्वार एकाच बाजूला, म्हणजे घोडा दोघांपासून दूर जाईल, कुणाच्या अंगावर नाही.

चढायला भक्कम ठोकळा घ्या. आधी त्यावर नुसतं उभं राहायचं. माणूस एकदम उंच झाला हेच घोड्याला नवीन असतं. पाठीवरून हात पलीकडे नेऊन दुसऱ्या बाजूची बरगडी थोपटायची. मग अंगाचं वजन आडवं टाकायचं, पोटावर, तीन सेकंद, आणि खाली. त्याने श्वास रोखलाय की सोडलाय ते बघत राहा. रोखलेला असेल तर पुढची पायरी आज नाही. आडवं पडलेल्या स्थितीत तीन-चार पावलं चालवायचं, थांबायचं, उतरायचं. हे दोन्ही बाजूंनी, दोन-तीन दिवस.

मग आडवं पडलेलं असतानाच पाय पलीकडे, पुठ्ठ्याला न लागता. छाती मानेलगतच ठेवा. एकदम सरळ बसू नका, दोन्ही डोळ्यांच्या मागच्या कडेला अचानक काहीतरी उभं राहतं आणि बहुतेक घोडे इथे उधळतात. अर्ध्या मिनिटात हळूहळू उठा. पाच मिनिटं, उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढून घसरा. खोगीर काढा, सोडून द्या. त्या दिवशी आणखी एक फेरी मारायचा मोह आवरा.

पुढचे आठ-दहा दिवस डोकं धरणारा बरोबर, नुसती चाल. हुकूम आधी आवाजाने, मग लगेच पोटरी, म्हणजे पोटरीचा अर्थ त्याला आवाजावरून लागतो. वळवताना लगाम मागे ओढू नका, हात बाजूला उघडा. दुडकी तो स्वतःहून देऊ पाहील तेव्हा घ्या, सरळ रेषेत.

चौखूर
बिघडलं तर काय, ते लिहितो. मागे सरकू लागला किंवा मागच्या पायांवर उभा राहिला, तर दोन्ही लगाम ओढणं हीच चूक. पुढे झुका, आयाळ धरा, लगाम सैल, त्याचे पुढचे पाय खाली टेकले की लगेच पुढे हाका. बहुतेक वेळा पुढे जायचा हुकूम कच्चा राहिलेला असतो, परत दोन दोरांवर जा. उधळला तर एक लगाम आखूड करत वर्तुळ लहान करत न्या. वेगात एकदम मान वळवली तर घोडा आडवा कोसळतो. उसळी सुरू झाली तर घोड्याचं डोकं वर ठेवा, आणि तुम्ही उतरल्यावर खोगिराखालची घामाची छाप पाहा. ओल्या पाठीवर कोरडा ठिपका दिसला तर खोगीर तिथे टोचत असू शकतं.

रानवाट
पाठीवर सवय झाली की रोज बसायचं का?

चौखूर
नाही. चाल, थोडी दुडकी, थांबणं, वळणं हे शांतपणे जमलं की काही आठवडे त्याला मोकळा सोडा, शक्यतो इतर घोड्यांबरोबर. अंग भरतं, पाठ पक्की होते, आणि शिकलेलं विसरत नाही. परत आणाल तेव्हा दोन-तीन दिवस जमिनीवरून सगळं पुन्हा चालवून पाहा. मान खाली करणं, पुठ्ठे सरकवणं, तंग. जिथे अडेल तिथून पुढे.